पन्नाशीतला ज्युनिअर

खोपोलीच्या कारखान्यात आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळलेला माणूस अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सायबर सुरक्षा शिकायला लागतो, हे खालापूर तालुक्यात कुणाला पटत नाही. या वयात आमच्याकडे माणूस मुंबईकरांना फार्महाऊससाठी जमिनी दाखवायला लागतो. शेजारच्या भाऊंनी विचारलं, "म्हणजे जावयाचं व्हॉट्सॲप बघता येईल?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. बायकोने विचारलं, "पगार वाढणार की घटणार?" घटणार म्हटल्यावर तिचाही.

अभ्यास कर्जत-खोपोली लोकलमध्ये. गाड्या मोजक्या, एक चुकली की फलाटावर एन्क्रिप्शनचा अख्खा धडा होतो. गाडी मिळाली तर मात्र डोळवली यायच्या आत डोळा लागतो.

ऑनलाइन शिकवणारा मुलगा माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने पहिल्याच तासाला 'झिरो ट्रस्ट' समजावलं: कुणावर आपोआप विश्वास ठेवायचा नाही, दर वेळी खात्री करायची. वर्गातली पोरं भारावली. अरे, आमच्या कर्जतला सातबारा बघितल्यावर फेरफार बघतात आणि फेरफार बघितल्यावरही बांधावर जाऊन शेजाऱ्याला विचारतात!

सायबर हल्ला म्हटलं की लोकांना बँक आठवते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेले, तेव्हापासून तर जास्तच. पण कारखान्यातले पंप आणि वॉल्व्हही आता संगणकाच्या हुकमतीत असतात. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली, तेव्हा पासवर्ड विचारणारं कुणी नव्हतं. आता इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्राचं उदाहरण घ्या. तिथली यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. तरी २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस आत शिरला, तो पेन ड्राइव्हमधून, असं मानतात. सेंट्रिफ्यूज वेडेवाकडे फिरत होते आणि पडद्यावर सगळं नॉर्मल! हे ऐकून मला आमची कंट्रोल रूम आठवली. नाइट शिफ्टला सिनेमे पेन ड्राइव्हमधूनच येतात. आणि पडद्यावरचं रीडिंग खरं मानायचं नाही, जागेवर जाऊन गेज बघायचा, हे मला माझ्या पहिल्या फोरमनने शिव्या देऊन शिकवलं होतं. तोच धडा आता फी भरून घेतोय.

डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांत ऑपरेटरसमोर माऊसचा बाण आपोआप हलू लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला. आमच्या शिफ्टने आधी नारळ फोडला असता, मग आयटीला फोन केला असता. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली ती कशी? माणसं गाड्या घेऊन सबस्टेशनांत गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने लावले. मास्तरांनी वर्गाला विचारलं, "असं काही हाताने चालवलंय कुणी?" कॅमेऱ्यासमोर एकच हात वर गेला, तेलकट नखांचा. त्या दिवसापासून मास्तर मला सर म्हणतात. बाकी पोरं काकाच म्हणतात.

तेव्हा कर्जत-खोपोली पट्ट्यातल्या फिटर, ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंटवाल्यांनो, या इकडे. पोरांना कोड येतो, पण कुठला वॉल्व्ह बंद पडला की काय फुटतं, हे तुम्हालाच माहीत आहे. सुरुवातीला ज्युनिअर म्हणून बसावं लागेल, बसा. फक्त येताना सिनेमांचा पेन ड्राइव्ह घरी ठेवून या.