हकचा शाळा सोडल्याचा दाखला

मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या हकलबेरी फिनला शाळेचा मनापासून कंटाळा. तरी अमेरिकेतल्या हायस्कुलांनी त्याला पिढ्यानपिढ्या वर्गात डांबून ठेवलं, आणि आता त्याला ठेवावं की काढावं यावर तिथली मोठी माणसं सभांमधून हमरीतुमरीवर येतात. खुद्द हकला विचारलं असतं, तर दाखला खिशात घालून तो केव्हाच मिसिसिपीवर पसार झाला असता.

त्याला हाकलायची पहिली खटपट फारच जुनी. १८८५ साली त्याच्या नावाची ती कादंबरी अमेरिकेत आली आणि महिन्याभरात मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने ती बाहेर काढली. तक्रार वर्णद्वेषाची नव्हतीच. पोरगं गावंढळ, भाषा अडाणी, एवढंच. मार्क ट्वेन खूश. यामुळे आणखी २५,००० प्रती नक्की खपतील, असा त्याने हिशेब मांडला.

पुढे पुस्तक तेच राहिलं, तक्रार बदलली. काळ्या माणसाला हिणवणारी ती शिवी या कादंबरीत दोनशेहून जास्त वेळा येते. १९८२ साली व्हर्जिनियातल्या एका शाळेच्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने कादंबरीच अभ्यासक्रमातून काढा म्हटलं. शाळेचं नाव, मार्क ट्वेन इंटरमीडिएट स्कूल! २०११ साली अलाबामातल्या एका प्रकाशनाने शिवीच्या जागी ‘गुलाम’ घालून सोज्वळ आवृत्ती काढली. शिवी गेली, शिव्या देणारी माणसं मात्र पानोपानी तशीच हिंडत राहिली.

हार्पर लीबाईंच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीची कथाही अशीच. १९६६ साली व्हर्जिनियाच्याच हॅनोव्हर काउंटीतल्या शाळा मंडळाला ते पुस्तक अनैतिक वाटलं. लीबाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, सोबत थोडे पैसे पाठवले, आणि त्यातून मंडळाला पहिलीच्या वर्गात दाखल करावं असं सुचवलं. मला हे पत्र कादंबरीइतकंच आवडतं.

पण २०२२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टिओत हे पुस्तक सक्तीच्या यादीतून उतरलं, ते शिक्षकांच्याच आग्रहावरून. आणि त्यांना पहिलीत धाडता येत नाही. अन्याय काळ्या माणसावर आणि नायक गोरा वकील, हा त्यांचा आक्षेप बिनबुडाचा नाही. तो काळा, निरपराध टॉम रॉबिन्सन गोळ्या खाऊन मरतो, आणि पुस्तक मिटताना आपण मात्र त्या वकिलाच्या, ॲटिकसच्या, प्रेमात पडलेलो असतो. (मीही पडलो. त्यात सिनेमात ग्रेगरी पेक!) शिवाय वर्गात काळं मूल एकच असेल, तर ती शिवी आली की सगळ्या माना त्याच्याकडे वळणार. साहित्याचं थोरपण त्या क्षणी त्याच्या काय कामाचं?

कृष्णवर्णीय कादंबरीकार टोनी मॉरिसनबाईंनी हक पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांना भीती वाटली होती, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी त्या पुस्तक हटवण्याच्या बाजूच्या नव्हत्या. ही बंदी मुलांना शिकवण्यापेक्षा मोठ्यांची समजूत काढते, असं त्यांचं मत. मी त्यांच्या पक्षात. हक वर्गात राहावा, पण एकटा नको. त्याच्या शेजारी फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन बसवा, म्हणजे गुलामगिरी सोसलेला माणूस स्वतः बोलेल. मॉरिसनबाईंची ‘द ब्लूएस्ट आय’ ही कादंबरीही ठेवा. तीही अनेक शाळांनी हद्दपार केली आहे, म्हणजे जोडीची पुस्तकं शोधत शिक्षकांना फार वणवण करायला नको. बंदीवाल्यांनी यादी आयतीच करून ठेवली आहे.