व्हाया नवापूर

परदेशी जाऊन महिलांचा फुटबॉल विश्वचषक पाहायचा, असं आम्हा मैत्रिणींनी जाहीर केलं तेव्हा घरच्यांनी एकच विचारलं, "आणि डबे?" तेवढ्यात २०२२ साली फिफाच सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक घेऊन भारतात आली. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. म्हटलं, पासपोर्ट वाचला!

पण परदेश टळला नाही. नंदुरबारकराला थेट रेल्वेने स्वतःच्या राजधानीला जायचं तर गुजरात ओलांडावा लागतो. त्यात नवापूर स्टेशन म्हणजे अजब प्रकरण. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत आणि सीमारेषा थेट बाकड्यावरून. गाडी थांबली तेवढ्यात आमच्यातली एक बाकड्याच्या गुजराती अर्ध्यावर टेकून आली आणि म्हणाली, "झाली माझी फॉरेन टूर." महाराष्ट्रात गुटखा बंद, गुजरातेत दारू बंद, या फलाटावर कुठल्या पायावर उभं राहून खिशात काय बाळगावं, हे वकिलालाच विचारावं.

भाऊबीज करून परतणाऱ्यांनी डबा ठासून भरलेला. आमच्या एका मैत्रिणीची मिरची वाळवायची पथारी आहे आणि हंगाम नुकताच सुरू झालेला. तिने नुसती शाल झटकली. समोरचा बाक शिंकत शिंकत रिकामा झाला.

आपल्या मुली तोवर स्पर्धेबाहेर गेल्या होत्या. भुवनेश्वरला अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांनी मिळून १६ गोल चढवले होते. यावर कुणीतरी नाक मुरडलं, तर पथारीवाली उसळली. कर्णधार अस्टम उरांवच्या झारखंडातल्या गावाला तिच्यामुळे रस्ता होत होता, आणि त्यावर मजुरीला होते तिचेच आईवडील! आमच्याकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या वाटा तुडवलेल्या बायका आम्ही. गोल मोजणं तिथेच थांबलं.

अंतिम सामना स्पेन विरुद्ध कोलंबिया. आम्ही एकमताने कोलंबियाच्या, कारण त्यांची आघाडीची खेळाडू लिंडा कायसेदो. चेंडू तिच्या पायात आला की आम्ही उभ्या आणि मागचे लोक ओरडायला लागलेले. ८२व्या मिनिटाला मात्र कोलंबियाच्याच मुलीच्या पायाने चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला. पथारीवाली किंचाळली, "आपलाच घरमा गोल टाकी दिन्हा व माय!" पुढच्या रांगेतल्या पिवळ्या जर्सीवाल्या परदेशी बाईंनी वळून दुःखाने मान हलवली. अहिराणी त्यांना पूर्ण कळली असावी. स्पेन १-० ने जिंकलं.

आता लक्ष्य ब्राझील, २०२७चा महिला विश्वचषक. स्पर्धा २४ जून ते २५ जुलै, म्हणजे ऐन पेरणीत. फिफाला शेतीतलं काही कळत नाही. तरी आम्ही खास भिशी सुरू केली आहे. पहिली जिला लागली तिने फ्रीज घेतला. ब्राझीलपर्यंत ठेचा टिकेल का, याची चाचणी सध्या त्यात चालू आहे.