अजून ओलं आहे

मावशीच्या घरी गेलं की चपला दाराबाहेर काढायच्या आणि हात खिशात घालायचे. कारण रंग कुठे लागलेला असेल सांगता येत नाही. खुर्चीच्या पाठीला, फ्रिजच्या हँडलला, एकदा तर देवघरातल्या घंटेलासुद्धा. आपण टेकायला जावं तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अजून ओलं आहे!"

बँकेतून निवृत्त होईपर्यंत मावशीने रंगवलं काय, तर दिवाळीच्या पणत्या. मग एकदा ती सुधीर पटवर्धनांची चित्रं बघून आली. मूळ पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ, राहणार ठाण्याचे, आणि चित्रांत काय, तर रेल्वेचा डबा, इराण्याचं हॉटेल, नव्याने उठणाऱ्या इमारती, रस्त्यातली साधी माणसं. घरी येऊन पर्स खाली ठेवायच्या आत म्हणाली, "म्हणजे आपलं ठाणं रंगवायला परवानगी आहे!" तिला कोणी बंदी केली होती, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर ब्रश धरणारी एक तरी मावशी आता प्रत्येक सोसायटीत असते. त्यातल्या बऱ्याचजणी बशांवर मधुबनी काढतात आणि रुखवतात देतात. आमची मात्र माणसं पकडते. इस्त्रीवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, सगळे तिच्या कॅनव्हासवर कोणा ना कोणा देवाच्या शेजारी उभे आहेत. घराबाहेर पडताना ती भाजीची पिशवी विसरेल, वही नाही.

सर्वात जास्त भोगलं ते काकांनी. चहाचं आधण उकळेपर्यंत काका गॅससमोर कमरेवर हात ठेवून उभे राहतात. त्यावरून तिला विठ्ठल सुचला. वीट म्हणून पाट दिला आणि रोज पाऊण तास उभं केलं. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "अगं, आषाढीच्या गर्दीत पांडुरंगाच्यासुद्धा पाठीला लोड देतात. नंतर शीण जावा म्हणून प्रक्षाळपूजा करतात, काढा पाजतात. मला निदान चहा तरी दे."

"अहो, हलू नका. ओठ ओले आहेत."

माहिती देण्याचीही तिला भारी हौस. कोणाच्याही लग्नात, दवाखान्यात, दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र दिसलं आणि शेजारचा "राजा रविवर्मा" म्हणाला की संपलं. "रविवर्मा नव्हे हो, हळदणकर! सावंतवाडीचे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे." मग आवाज खाली येतो. "ती त्यांची मुलगी, गीता. बापाने काढलं ते काढलं, पण दिवा धरून उभी कोण राहिली?" समोरच्याचा नंबर निघून गेलेला असतो.

एका हिवाळ्यात डहाणूकडे जाऊन वारली चित्रं बघून आली. लग्नाचा चौक पूर्वापार सवाष्णींनी काढायचा, त्यात पालघट देवी बसवायची, हे ऐकून बेहद्द खूश. पुढे १९७०च्या दशकात ही कला जगापुढे आली ती जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे सांगताना मात्र तिचा सूर जरा तिरका होतो. "माणूस थोरच. पण चौक काढणाऱ्या त्या बायकांची नावं सांग बघू?" त्याच भरात तांदळाचं पीठ कालवलं आणि बांबूच्या काडीचं टोक चावून ब्रश करायला बसली. काडी शाबूत राहिली. कवळी ठाण्याच्या दंतवैद्याकडे चार दिवस मुक्कामाला होती.

नावांचं हे वेड मूळचं कुलवृत्तांतातलं. तिच्या माहेरचा जाडजूड ग्रंथ आहे. त्यात पुरुषांची जन्मसालं, हुद्दे, एकाच्या घोड्याचासुद्धा उल्लेख. बायका नुसत्या अमक्याच्या पत्नी. मावशीच्या पणजीचं तर माहेरचं नावही नाही, फोटो कुठला असायला! तेव्हा मावशीने स्वतःच वंशवृक्ष काढायला घेतला, फक्त बायकांचा. चेहरे आणायचे कुठून, तर नाक्यावरून. एका आजीला पोळीवालीचे डोळे मिळाले, एका आत्येला खालच्या शिकवणीवालीची हनुवटी. पणजीसाठी तिने चेंदणीची कोळीण धरली, जी तिला वीस वर्षं मासे विकते.

"बाय, मला काढतेस तर नथ मोठी काढ," एवढी एकच अट होती.

जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षानुवर्षं लागतात, आणि मावशीला धीर कमी. म्हणून नवरात्रात तिने सोसायटीच्या जिन्यातच दोऱ्या बांधल्या आणि चिमटे लावून चित्रं टांगली. सगळी इमारत वरखाली करत होती. कला कोणी बघत नव्हतं, जो तो स्वतःला शोधत होता. "माझं पोट एवढं आहे?" हा प्रश्न पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत ऐकू येत होता. मला ती कधीची सांगत होती, "तूही आहेस आत." सापडलो. दुधाच्या रांगेत, पाठमोरा. चेहऱ्याबद्दल विचारलं तर उत्तर ठरलेलं.

कोळीण संध्याकाळी आली, टोपली खाली ठेवून. पणजीसमोर बराच वेळ उभी राहिली, नथ न्याहाळली आणि म्हणाली, "किती घेशील?" मग दोघींची घासाघीस सुरू झाली, नेहमीसारखी, फक्त या वेळी माल मावशीचा होता. वरच्या पायरीवरून काका ऐकत होते. त्यांनी दुपारपासून तिथेच मुक्काम ठोकला होता, आपल्या विठ्ठलाला कोणी हात लावू नये म्हणून.

"अगं, पणजी विकलीस?"

"विकली कुठे? दोन पापलेटं आणि कोलंबीचा एक वाटा घेतला."

आमच्या पुऱ्या घराण्याची ती पणजी, म्हणजे माझी खापरपणजी, आता चेंदणीत टीव्हीच्या वर टांगलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कोळणीची आजी म्हणूनच दाखवली जाते. पुढच्या सर्वपित्रीला मावशी हातात झेंडूची फुलं घेऊन तिकडे गेली, पणजीला वाहिली, चहा पिऊन परत आली. पिशवीतून सुक्या बोंबलांचा वास येत होता. काकांनी नुसतं बघितलं.

"दसऱ्यानंतरचे आहेत," मावशी म्हणाली.