जोत्याच्या आत

एप्रिल सरत आला की मालवणच्या किनारपट्टीवर छपरांवर माणसं दिसू लागतात. त्यातल्या एखाद्या छपरावर एकटा म्हातारा असेल, खाली चार गडी चहा पीत बसले असतील आणि कौलं परतायचं काम म्हाताराच करत असेल, तर ते आबा समजावेत. वायरी, देवबाग, तळाशील, आचरा, कुठल्याही वाडीत एक आबा असतातच. कुठे ते एसटीतून निवृत्त झालेले असतात, कुठे शाळेतून, कुठे पोस्टातून. कमरेला पंचा, कानावर सुताराची पेन्सिल, खिशात मेजपट्टी. खात्री करून घ्यायची असेल तर एकच प्रश्न विचारावा : “काय आबानू, झाला काय घराचा?”

“झालाच म्हणान धर. मागची पडवी तेवढी रवली हा.”

ही मागची पडवी आमच्या लहानपणीही राहिलेलीच होती. मधल्या काळात उरलेलं घर दोनदा होऊन गेलं.

घर म्हणजे चिऱ्याचं जोतं, मातीच्या भिंती, फणसाचे खांब आणि वर मंगलोरी कौलं. पुढे खळं, मग लोटा, माजघर, देवखोली, वळय, न्हाणी आणि ती पडवी. उताऱ्यावर सतरा नावं. त्यातले सहाजण स्वर्गात, सात मुंबईत, दोघे बडोद्यात आणि एक कतारला. सतरावे आबा. घर सतराजणांचं असलं तरी ते गळतं फक्त आबा आणि काकींच्या अंगावर.

मे लागला की नोटीस येते. पावसाआधी मोडकळीला आलेल्या घरांना नोटिसा बजावल्या की कार्यालयाचा पावसाळा सुरक्षित होतो. ‘आपले घर जीर्ण झाले असून पावसाळ्यात कोसळण्याचा संभव आहे. ते तात्काळ दुरुस्त करावे अथवा उतरवून घ्यावे. अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’ खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक. वर नाव मात्र आबांच्या आजोबांचं. आपला ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा आणि आजोबा गेले तेही त्याच साली, त्यामुळे दोघांची गाठ कधी पडलीच नाही. अलीकडे ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला, तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला. आजोबा अजून आहेत तेच आहेत. आबा पोच देताना न चुकता शिपायाला सांगतात, “आज्याचो पत्तो बदललो म्हणान कळव तेंका.”

नोटीस देऊन इथला माणूस घराबाहेर पडेल असं ज्याला वाटतं, त्याने आचऱ्याची गावपळण पाहिलेली नसावी. तीन-चार वर्षांतून एकदा रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खा गाव गुरंढोरं, कुत्री, कोंबड्या घेऊन तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहतो. त्याला जावक क्रमांक नसतो, पंचनामा नसतो, पोलीस बंदोबस्तही लागत नाही. देव सांगतो आणि माणसं उठतात. आबांचं म्हणणं, सरकारनेही आधी रामेश्वराला विचारावं. तो म्हणाला घर उतरव, तर उद्याच उतरवू.

उतरवता मात्र येत नाही. एक तर भावकीचा गणपती याच घरात बसतो. घर पाडायचा विषय निघाला की मुंबईहून पहिला प्रश्न येतो, “मगे गणपती खंय बसतलो?” आबा कुठे बसतील हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. दुसरं कारण समुद्र. १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्राने भरतीरेषेपासून पाचशे मीटरचा पट्टा नियमाखाली आणला. २०११ ला नवी अधिसूचना निघाली, २०१९ ला आणखी एक. आबांना तिन्ही पाठ आहेत. २०१९ च्या नियमात म्हटलंय की चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या दाट वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून पन्नास मीटर ना-विकास क्षेत्र आणि विरळ वस्तीच्या गावात दोनशे मीटर. आबांचा गाव विरळ निघाला. “पोरां मुंबैक गेली म्हणान आमी विरळ,” आबा चरफडतात. “मतदानाक गाडी करून हाडतंव, तशी जनगणनेक हाडूक व्हयी होती. दीडशे मीटर गेले आमचे.”

म्हणजे नोटीस सांगते पाडा नाहीतर दुरुस्त करा. पाडलं तर पुन्हा उभं करायला परवानगी हवी, परवानगीला सतरा सह्या हव्यात आणि त्यातल्या सहांसाठी चित्रगुप्ताकडे अर्ज करावा लागेल. पण नियमातच एक फट आहे. पूर्वीचं अधिकृत घर आहे त्या जोत्यावर, आहे तेवढ्याच क्षेत्रात दुरुस्त करायला वाट ठेवली आहे. आबांनी ती वाट एवढी रुंद केली की तिच्यातून अख्खं घर पार झालं.

रीत अशी. जुन्या मातीच्या भिंतीला आतून खेटून चिऱ्याची भिंत उभी करायची. बाहेरून बघणाऱ्याला मातीचीच दिसते. नव्या भिंतीवर वासे टेकले की जुनीला पहिल्या मोठ्या पावसाच्या स्वाधीन करायचं. ती पडते, लोक हळहळतात, आबाही हळहळतात. पुढच्या वर्षी दुसरी बाजू. या हिशेबाने गेल्या वीस वर्षांत दर्शनी भाग सोडला तर घराचा एकही कोपरा पूर्वीचा राहिलेला नाही आणि कागदावर मात्र एक चिराही हललेला नाही. तोटा एवढाच की घर दर खेपेला आतून हातभर आखडतं. माजघराची दोनदा दुरुस्ती झाल्यावर काकींचं लग्नातलं कपाट मावेना, ते खळ्यात आलं. काकी बोलल्या तेव्हा आबांनी कायदा सांगितला : “जोत्याच्या भायर जावचा नाय ना? आमी भितर चललंव.”

पैशाचं गणित कालनिर्णयावर चालतं. ते १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, तेव्हा त्यावर आपला थोडा जास्त हक्क आहे असं आबा धरून चालतात. संकष्टीच्या चौकोनात ‘चिरे, अर्धी गाडी’, एकादशीला ‘सिमेंट चार पोती, उधार’, अमावास्येला ‘मेस्त्री इलो नाय’. जमेच्या बाजूला पेन्शन, काजूची बी, रातांबे आणि चार हापूस कलमं, त्यातली दोन भावकीत वादातली. वाळू कालावल आणि कर्लीच्या खाडीतली. तिचा लिलाव लांबला की ती परवडत नाही आणि झाला तरी आबांना परवडत नाही. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग शोधला. तालुक्यात कुठेही जुनं घर पाडायला काढल्याचं कळलं की आबा मयताला जावं तसे खाली मान घालून जातात आणि येताना टेम्पो घेऊन येतात. लोट्यातला दरवाजा कट्ट्याचा, खिडक्यांचे गज कुडाळचे, देवखोलीची चौकट आचऱ्याची. दोन वर्षांपूर्वी कणकवलीकडून एक फणसाचा खांब आणला, कमळाची नक्षी असलेला, पिवळाजर्द. तो लोट्याच्या मधोमध उभा केला तेव्हा आबा तासभर त्याच्याकडे बघत बसले होते. मला तरी वाटतं, कलासंग्रह म्हणतात तो यालाच. फक्त यात माणसं राहतात आणि वरून पाणी येतं.

१६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते वादळ किनारा घासून गेलं. माडाची झाडं पडली, वीज कित्येक दिवस गेली आणि आबांच्या छपराची समुद्राकडची बाजू शेजाऱ्याच्या परसात जाऊन पडली. पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आले. अंशतः पडझडीची मदत मिळायला घराचं निदान पंधरा टक्के नुकसान व्हावं लागतं. आता घराचे पंधरा टक्के कसे मोजायचे, हे विश्वकर्म्यानेही कुठे लिहून ठेवलेलं नाही.

“छप्पर थोडं गेलंय आबा, पण भिंती तर खणखणीत उभ्या आहेत,” भाऊसाहेब म्हणाले.

“उभ्या आसतल्याच,” आबा अभिमानाने म्हणाले, “नवीन चिऱ्याच्या...”

आतून काकींनी पितळेचा तांब्या आपटला. आबा थांबले. मग खोल आवाजात म्हणाले, “...चिऱ्याच्या जोत्यार हत म्हणान उभ्यो. नायतर मातयेच्यो त्यो, कधी पडतीत नेम नाय.” भाऊसाहेबांनी भिंतीवर टकटक करून पाहिलं. आबांनी त्यांच्या हातात सोलकढीचा पेला दिला आणि हात गुंतवून ठेवला.

पण आबांचा खरा पराक्रम कौलाचा. किनारपट्टीच्या एका कामासाठी कुठल्याशा कार्यालयात त्यांच्याकडे घर १९९१ पूर्वीचं असल्याचा पुरावा मागितला. जुन्या घरपट्टीच्या पावत्या होत्या, पण त्या वाळवीने आबांच्या आधीच वाचून संपवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आबा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कौल घेऊन हजर. टेबलावर उपडं ठेवलं. त्यातून चार दशकांची धूळ आणि पालीची दोन अंडी साहेबांच्या फायलीवर पडली. आबांनी पंचाने पुसलं तशी उठावाची रोमन अक्षरं दिसू लागली. साहेबांनी मान तिरकी करून वाचलं : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५.

“हे घर १८६५ चं?”

“कौल काय खोटा बोलतला?”

“अहो, पण कागद पाहिजे.”

“कागदार कोणीय काय लिहीत. ह्यां मातयेत भाजलेला हा.”

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने, जो दुर्दैवाने वाचणारा होता, सांगितलं की १८६५ हे मंगलोरच्या कारखान्याचं स्थापना वर्ष; जेप्पूला मिशनच्या जर्मन माणसाने तो काढला तेव्हाचं. त्यांच्या कौलांवर तेच साल असतं, म्हणून घर तेव्हाचं ठरत नाही. आबा क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी त्यालाच विचारलं, कारखाना मिशनकडे किती साल होता? तो म्हणाला, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मनांकडून काढून घेतला.

“म्हणजे १९९१ च्या आदी?”

“आधीच की.”

“मगे झाला तर.”

साहेबांनी शेवटची अडचण काढली, की कौल रेकॉर्डला लावायचं कसं. आबांनी कौल उलटलं आणि तार ओवायचं भोक दाखवलं. “हयसून टॅग घाला.” काम झालं की नाही ते विचारू नये. ते कौल बरेच दिवस त्या कार्यालयात कागद उडू नयेत म्हणून वापरात होतं एवढं खरं.

तेव्हापासून एकेका कौलावर आबांचा जीव. त्यात केल्डी आली, म्हणजे लाल तोंडाची माकडं. ती छपरावर पकडापकडी खेळतात आणि एका डावात पंधरा-वीस कौलं फोडतात. या एका कारणाने किनाऱ्यावरची निम्मी घरं पत्र्याची झाली. काकीही पत्र्याच्या बाजूच्या आहेत. आबांनी मात्र रापणीचं जुनं जाळं आणून छपरावर पसरलं. माकडं आता जाळं धरून चढतात.

पुतण्याचं वेगळंच. हा जिल्हा १९९७ ला पर्यटन जिल्हा झाला तेव्हा तो जन्मालाही आला नव्हता, पण त्याला लोट्यात न्याहारी-निवास काढायचा आहे. आबा सुरुवातीला नाही म्हणाले. मग त्यांनी वाचलं की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता स्थानिकांना पाहुणे ठेवता येतात. दर्शनी भाग तेवढाच जुना उरलेला असल्याने ही अट आपल्याला सोसेल असं त्यांना वाटलं. त्यातून जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला. वायरीचे आबा आता सांगतात की आपल्या न्हाणीच्या खिडकीतून जागतिक वारसा दिसतो. खिडकी थोडी मोठी करायची आहे. दुरुस्तीच म्हणायची ती.

चतुर्थीला भावकी आली. मुंबईचे, बडोद्याचे, कतारचाही आला. माटवी बांधली, गणपती बसला, आरत्या झाल्या. रात्री लोट्यात पानाचा डबा फिरू लागला तेव्हा मोठ्या चुलतभावाने त्या फणसाच्या खांबावरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. आपल्या नातवाला जवळ घेऊन तो म्हणाला, “ह्या खांबाक टेकान तुझो खापरपणजो पान खाय. माका अजून दिसता.” बडोद्याच्या दोघांनाही मग दिसायला लागलं. एकाला तर कमळाच्या नक्षीत आज्याच्या चुन्याचा डाग सापडला. सगळ्यांनी खांबाबरोबर फोटो काढले. “आबानू, तुमी ह्यां सगळां जपलास,” कतारवाला म्हणाला. काकी आबांकडे बघत होत्या. आबा खांबाकडे बघत होते.

“जपलंय खरा,” आबा जरा वेळाने म्हणाले, “पण बुडाक वाळवी लागली हा. आज्याचो खांब. आवंदा पालिश केला नाय तर काय सांगूक येणा नाय. वाट्याक पाच-पाच हजार येतले.”

छपरासाठी इतक्या वर्षांत एक पैसा न सुटलेल्या भावकीने बसल्या जागी मोबाइल काढले. आबांनी पुतण्याकडून फोनचा तो चौकोन पुढे धरवला आणि एकेकाची जमा तिथल्या तिथे वाजू लागली.

भावकी परत गेल्यावर आबांनी कालनिर्णयाचं सप्टेंबरचं पान उघडलं. पितृपक्षाच्या चौकोनांत सध्या एक यादी तयार होते आहे : आज्याचो दरवाजो (कट्टा), आज्याची चौकट (आचरा), आज्याचे गज. पुढच्या चतुर्थीला मागच्या पडवीत आजो काय करायचा, एवढं ठरायचं बाकी आहे.