बाणाचा अर्धा गुण

आमच्या तळमजल्यावरील अभ्यासिकेत दिवेलागणीनंतर दहावीची पाच-सहा मुले जमतात, एकमेकांस पदार्थविज्ञानाचे प्रश्न घालतात, वह्यांची अदलाबदल करून उत्तरे तपासतात, आणि ही तपासणी अशा काही कठोर निष्ठेने चालते की तिच्यापुढे जुन्या काळच्या एखाद्या मामलेदाराची दफ्तरतपासणीसुद्धा कृपाळू वाटावी. परवा तेथे एका मुलाने बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती काढली. वस्तू दुप्पट नाभीय अंतरावर उभी होती; मुख्य अक्षास समांतर निघालेला किरण भिंगातून वळून बिनचूक नाभीतून गेला होता; प्रकाशीय मध्यातून जाणारा किरण कोणाकडे न पाहता सरळ निघून गेला होता; आणि दोघांची गाठ पलीकडच्या बाजूस तितक्याच अंतरावर पडून तेथे तितक्याच उंचीची प्रतिमा खाली डोके वर पाय करून लटकली होती. रेषा पेन्सिलीच्या, नावे शाईची, सर्व जेथल्या तेथे. तपासणाऱ्या मुलीने वही जवळ नेली, लांब धरली आणि विचारले, "बाण कुठायत?"

मुलाचा चेहरा पडला. किरणांवर बाण नव्हते. तीनपैकी अडीच.

या बाणाचे माहात्म्य ज्यांच्या घरात दहावीचे मूल आहे त्यांस मी सांगावयास नको. बाणाविना किरण म्हणजे शिक्क्याविना खरेदीखत. मजकूर कितीही चोख असो, मालकी काही शाबीत होत नाही. बाणाचे एक स्वतंत्र धर्मशास्त्र आहे आणि त्यातील विधिनिषेध ही मुले एकमेकांकडून घटवून घेतात. बाण रेषेच्या टोकास काढावयाचा नाही, मध्यावर काढावयाचा, कारण टोकास काढल्यास किरण तेथेच संपला असा तपासनिसाचा ग्रह होण्याचा संभव असतो. भिंगाच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दोन हवेत, कारण भिंगातून बाहेर पडताना किरणाने दिशा विसरू नये. वस्तू नाभीच्या आत आली की प्रतिमा आभासी होते, आणि मग ज्या तुटक रेषा मागे वाढवावयाच्या त्यांवर मात्र बाण चुकूनही काढावयाचा नाही. हे शेवटचे कलम ऐकून मला फार संतोष वाटला, कारण त्या तुटक वाटेने प्रकाश खरोखरच जात नसतो, आणि या अभ्यासात प्रकाशाचा संबंध प्रथमच आला असे मला वाटले. परंतु ते कारण मी माझ्या मनाने पुरविले होते. मुलांच्या मते कारण एवढेच की, तेथे बाण दिसला तर अर्धा गुण जातो. म्हणजे एके ठिकाणी नसल्याबद्दल अर्धा आणि दुसऱ्या ठिकाणी असल्याबद्दल अर्धा! त्यातून वस्तू म्हणून जी काय काढतात तोही एक उभा बाणच, तिची प्रतिमा हाही बाणच, तेव्हा कोणता बाण गुणास पात्र आणि कोणता केवळ पाहुणा, हा विवेक पंधराव्या वर्षी अंगी बाणणे ही काही लहानसहान सिद्धी नव्हे.

आता ज्या शास्त्राच्या नावाने हा अर्धा गुण जप्त होतो, त्या शास्त्राचे म्हणणे पाहा. प्रकाश ज्या वाटेने आला त्या वाटेने त्यास उलट धाडले, तर तो तीच वाट धरून परत जातो. प्रतिमेच्या जागी वस्तू ठेवली तर वस्तूच्या जागी प्रतिमा मिळते. त्या हतभागी मुलाच्या आकृतीत सर्व बाण उलट दिशेचे काढून वही खालची वर केली असती, तरी तितकीच निर्दोष आकृती हाती आली असती. बाण निरर्थक आहे असे माझे प्रतिपादन नाही. किरण कोठून निघाला हे सांगणे हा सभ्यपणा आहे. परंतु सूर्याचा प्रकाश सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने १५ कोटी किलोमीटर अंतर काटून आठ-सव्वाआठ मिनिटांत आमच्या अंगणात उतरतो, तेव्हा त्याच्या अंगावर एकही बाण नसतो, आणि अद्याप त्याचे कोणी काही कापून घेतल्याचे ऐकिवात नाही.

त्या मंडळात एक किरकोळ अंगाचा मुलगा आहे. त्याने त्या गडबडीत हळूच विचारले, "पण प्रतिमा उलटी का पडते?" क्षणभर सर्व थांबले. मग त्यांच्यातील ज्येष्ठ मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, अत्यंत मायेने म्हणाली, "अरे, 'का' विचारत नाहीत. 'स्वरूप' विचारतात. वास्तव, उलट, वस्तूएवढी. एवढंच लिही." आणि त्याने ते लिहून घेतले.

मला राहवले नाही. माझ्या वाचनाच्या चष्म्याचा नंबर अधिक २ आहे, अर्थात त्याच्या काचेचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर, जवळजवळ एक हात. मी खोलीतला दिवा घालविला आणि उघड्या खिडकीसमोर वहीचे कोरे पान धरून त्याच्या पुढे हातभर अंतरावर चष्मा धरला. पानावर समोरच्या दुकानाची झगमगती पाटी उलटी उतरली. तिच्याखाली, म्हणजे पानावर तिच्या वरती, एक इसम दुकानातून उलटा बाहेर पडला आणि उलट्या स्कूटरवर बसून निघून गेला. मुले गप्प झाली. मग एकजण म्हणाला, "आजोबा, ह्यात किरण दिसत नाहीत." दुसरा म्हणाला, "बाणही नाहीत." ताईने दिवा लावीत समारोप केला, "छान आहे, पण पेपरला येत नाही हे."

मुलांवर मी रागावलो नाही. रागवावयाचे ते कोणावर, हे मला चांगले ठाऊक आहे. ज्या मुलांनी दहा वर्षे शाळेचे उंबरे झिजविले, भिंगासमोर वस्तूच्या सहा जागा आणि त्यांच्या सहा प्रतिमा ज्यांनी स्तोत्रासारख्या मुखोद्गत केल्या, त्यांच्या हाती भिंग म्हणून एकदाही पडू नये, आणि पडू नये याचे कारण असे की, भिंगे प्रयोगशाळेच्या कपाटात, कपाटास कुलूप, कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, आणि भिंग फुटले तर भरपाई कोणाच्या पगारातून याचा निकाल लागलेला नाही! नोंदवहीत मात्र भिंगे आहेत. नग, किंमत, खरेदीची तारीख, वार्षिक पडताळणीच्या सह्या, सर्व सुखरूप. प्रयोगवहीतही प्रयोग आहे. तो मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीवरून उतरलेला, तिच्या वहीत त्याच्या मागच्या वर्षीच्या दादाच्या वहीवरून आलेला. भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर हे या मुलांस वंशपरंपरेने, बिनतक्रार मिळालेले आहे, आणि कोणास संशय येऊ नये म्हणून ९.९ व १०.१ अशी दोन निरीक्षणे वाडवडिलांनीच दूरदृष्टीने घालून ठेविली आहेत. वास्तविक एक खिडकी, एक भिंत आणि एक पट्टी एवढ्यावर हा प्रयोग दोन मिनिटांत उरकतो. पण त्या दोन मिनिटांस गुण नाहीत, बाणास आहे. मग ज्यास गुण आहे त्याचा सराव मुलांनी एकमेकांकडून करवून घेतला तर तो त्यांचा शहाणपणा म्हणावा. मूर्खपणाचा मक्ता वडीलधाऱ्यांनी स्वतःकडे राखून ठेविला आहे आणि त्यात मुलांना वाटेकरी करून घेण्याचे काही कारण नाही.

एवढे मात्र कबूल केले पाहिजे की या मुलांत परस्परांविषयी कमालीची आस्था आहे. ज्या मुलीने त्या मुलाचा अर्धा गुण कापला, तिनेच त्यास आपली नवी पेन्सिल टोक करून दिली आणि घरी जाण्यापूर्वी वीस किरण बाणांसह काढवून घेतले. शिवाय पुन्हा असा प्रसंग कोणावर येऊ नये म्हणून सर्वानुमते ठरले की, इतःपर प्रत्येक रेषेवर खबरदारी म्हणून एकाऐवजी दोन बाण काढावे. त्यावर एकाने उपसूचना मांडली की तपासनिसाची दृष्टी अधू असल्यास दोनही नजरेतून निसटतील, तरी तीन असावेत. दुसऱ्याने ते ठसठशीत असावेत अशी पुस्ती जोडली. आणि सोमवारच्या सरावात त्याच मुलाने, पहिल्या अनुभवाने शहाणा होऊन, जी आकृती काढली तीत समांतर किरणावर बाण, मध्यातून जाणाऱ्या किरणावर बाण, वळण्यापूर्वी बाण, वळल्यावर बाण, इतकेच काय, मुख्य अक्षावरही दोन्ही दिशांना बाण होते. वही हातोहात फिरली. प्रत्येकाने बाण मोजले, एकाने ते दुसऱ्यांदा मोजले, आणि ताईने तांबड्या शाईने तीनपैकी तीन दिले. किरण अक्षाच्या मध्यावर येऊन मोकळ्या हवेतच वळले होते. भिंग काढावयाचे राहून गेले होते, पण त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.