फियाटवाले आबा

कोल्हापुरात प्रत्येक पेठेत एक तालीम असते, एक तरुण मंडळ असतं आणि एक फियाटवाले आबा असतात. तालमीला आणि मंडळाला पाटी लागते, आबांना लागत नाही. रविवारी सकाळी ज्या घरापुढं गाडीचं बॉनेट वर आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेला माणूस दिसेल, ते घर आबांचं. बाहेर उरलेल्या निम्म्या आबांवर पट्ट्यापट्ट्यांची विजार असते आणि विजारीच्या खिशातून बारा-तेराचा पाना डोकावत असतो.

नोकरी सरकारी नाहीतर सहकारी, आणि ती संपून बरीच वर्षं झालेली. गाडी प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी हे नाव कंपनीनं 1974 मध्ये दिलं, 2000 च्या सुमाराला कंपनीनं ही गाडी काढणंच थांबवलं. आबांनी यातली कुठलीच गोष्ट मनावर घेतलेली नाही. त्यांच्या लेखी ती फियाट आहे आणि अजून चालू मॉडेल आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली, त्या बातमीचं कात्रण त्यांच्या गाडीच्या कप्प्यात आहे. त्यावर आबांचं भाष्य एका ओळीचं : "मुंबैकरांस्नी गाडी सांभाळाय येत न्हाई." दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा सगळा गाव मान उंचावून महाराजांना बघतो. आबा मान खाली घालून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि घरी येऊन काकूंना सांगतात, "पट्टा जरा ढिला वाटला."

कारण आबांचा जीव पट्ट्यात. इंजिनाच्या तोंडावर फिरणारा तो काळा रबरी पट्टा पाण्याचा पंप आणि पंखा फिरवतो, आणि बाजूला लटकलेला अल्टरनेटरही. मूळच्या डायनामोला इंजिन हळू असलं की चार्जिंग जमत नसे. महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी रांगायला लागली की हेडलाइट मिणमिणायचे. म्हणून आबांनी तो कधीच काढून अल्टरनेटर बसवला. मात्र काढलेला डायनामो धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. "लागला तर," असं ते म्हणतात. कशाला लागेल, हे विचारायची घरात कुणाची छाती नाही.

तर एखाद्या पावसाळी सकाळी गाडी सुरू करताना पट्टा किंचाळतो, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही, आणि आबांचा चेहरा उजळतो. बॉनेट वर जातं. दहा मिनिटांत गंगावेशीतून दूध पिऊन परतणारे दोन पैलवान, किटली घेतलेला एक पोरगा आणि मोटारसायकल बंद न करता थांबलेले तिघं एवढी कमिटी जमते.

"काय करालाय, आबा?"

"अल्टरनेटर उतरवालोय."

"बॅटरी गेली असंल."

"बॅटरी काल चार्ज करून आणलीया."

"मग असं करा," मोटारसायकलवरचा एक जण म्हणतो, "गाडी चालू ठिवून बॅटरीची वायर काढा. बंद पडली न्हाई तर अल्टरनेटर बरा."

आता आबा पहिल्यांदा बॉनेटमधून पूर्ण बाहेर येतात. हा इलाज डायनामोच्या जमान्यातला. अल्टरनेटरवर केला तर व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड जळतात. आबा हे समजावून सांगत नाहीत, पाना रोखून सांगतात. तो मनुष्य मोटारसायकल बंद करतो आणि शिष्य होऊन जागेवर बसतो.

उतरवण्याचा विधी ठरलेला. आधी बॅटरीची अर्थिंगची तार सोडायची, कारण अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेत किल्ली बंद असतानाही करंट उभा असतो आणि तिथं पाना टेकला तर ठिणगी पडते. मग ताण धरणाऱ्या पट्टीवरचा बोल्ट सैल करायचा, अल्टरनेटर इंजिनाकडं ढकलायचा आणि पट्टा सोडवायचा. तो उलटा वाकवून उजेडात धरायचा आणि आतल्या बाजूच्या भेगा कमिटीला दाखवायच्या. प्रत्येकानं "गेलाय" म्हणेपर्यंत पुढचा बोल्ट खोलायचा नाही. सुटलेला प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर काकूंच्या जुन्या इडलीपात्रात जातो. पहिल्या ताटलीत ताणपट्टीचे, दुसऱ्या ताटलीत तारांचे, तिसरीत खालचा लांब बोल्ट, आणि चौथी रिकामी. चौथीत जे उरेल ते गाडी जोडून झाल्यावर कळतं.

काकू दारातून इडलीपात्राकडं बघतात आणि आत जातात. नात बाहेर येते. "आबा, मी क्लासला निघालो," असं अस्सल कोल्हापुरी पोरीच्या थाटात सांगून सायकल काढते. आबा म्हणतात, "जाता जाता ह्यो टॉर्च धर जरा." क्लास बुडतो.

अल्टरनेटर निघतो, पण पुलीचा नट काही निघत नाही. पुली जाम धरायला व्हाइस लागतो आणि व्हाइस उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' काढली, हे मिस्त्रींच्या दुकानाकडं जाताना आबा रिक्षावाल्याला दर वेळी सांगतात. मांडीवर अल्टरनेटर असतो, त्यामुळं रिक्षावालाही वाद घालत नाही.

मिस्त्री नट सोडवतात, खोळ तीन भागांत उघडतात आणि रोटर बोटानं फिरवून कानाशी नेतात. बेअरिंग खरखरतंय. कार्बन झिजून नखाएवढे उरलेत.

"आबा, पट्टा लई ताणलासा गेल्या बारीला. बेअरिंग त्यानंच गेलं."

"ढिला ठिवला तर किंचाळतोय, मिस्त्री."

"आंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच दबला पायजे. तुम्ही तंबोरा लावलासा."

आबा गप्प बसतात, पण पुढच्याच क्षणाला नव्या बेअरिंगचा नंबर वाचून दाखवायला लागतात. तेव्हा मिस्त्री त्यांच्या हातात बारीक पॉलिश पेपर देतात आणि रोटरवरच्या तांब्याच्या दोन कड्या घासायला बसवतात. आबांचे हात गुंतले की तोंड थांबतं, हे मिस्त्रींनी फार पूर्वी ओळखलंय. त्या वेळात ते बेअरिंग ठोकतात, कार्बन डाखतात, डायोड एकेक करून मीटरवर बघतात. काम संपतं तेव्हा आबांच्या कड्या आरशासारख्या लखलखत असतात आणि सगळा अल्टरनेटर आपणच दुरुस्त केला, असं त्यांना मनापासून वाटत असतं. मिस्त्री मजुरी घेतात, पण तो समज तसाच राहू देतात.

संध्याकाळी जोडणी होते. नवा पट्टा चढतो, टॉमीनं ताण दिला जातो, अंगठा दाबला जातो. अर्धा इंच. इंजिन बंद असताना बॅटरीवर मीटर 12.6 दाखवतो. गाडी सुरू होते, हेडलाइट लागतात, काटा 14.2 वर जाऊन थांबतो, लाल दिवा विझतो, आणि शाहू स्टेडियमवर गोल झाल्यासारखी गल्ली ओरडते. सकाळपासूनच्या चहाचा हिशोब मजुरीच्या पुढं गेलेला असतो. तो काकू करतात आणि मनातच ठेवतात.

तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन येतो. त्याची नवी गाडी चांदणी चौकात बंद पडली होती. टो करून नेली. अल्टरनेटर गेला म्हणाले.

"कार्बन बघितलं काय?"

"आबा, इथं उघडत नाहीत. अख्खा बदलला."

"म्हंजे उघडून बघितलाच न्हाई?"

"नाही. वॉरंटीत होता."

आबा बराच वेळ काही बोलत नाहीत. मग आवाज एकदम खाली आणतात. "काढलेला तिथंच ठिवून येऊ नगोस. काय वाट्टेल ते सांग, पर मागून घे. गणपतीला येताना घेऊन ये."

"आबा, त्यांना परत द्यावा लागतो तो."

"मग निदान फोटू तरी काढ. पुलीच्या बाजूनं."

मुलाला काही लागलं का, तो घरी कसा पोचला, हे काकूंनी फोन हिसकावून घेतल्यावर विचारलं.