मुकुट न्यूयॉर्कचा, माफी उशिराची
'मिस अमेरिका' 1921 साली अटलांटिक सिटीत सुरू झाली ती सौंदर्याच्या काळजीने नव्हे. सप्टेंबर लागला की पर्यटक घरची वाट धरत आणि हॉटेलवाले माश्या मारत बसत, म्हणून. पुढे नियमावलीत 'स्पर्धक गोऱ्या वंशाचीच हवी' हेही आलं. या दरबाराला डोकेदुखी पुरवली ती न्यूयॉर्कने. 1945मध्ये बेस मायरसनला सुचवलं गेलं, बाई, नाव फार ज्यू वाटतं, बदला. ती बधली नाही, वर जिंकली. 'मिस न्यूयॉर्क' व्हनेसा विल्यम्स पहिली कृष्णवर्णीय विजेती. 1984मध्ये एका मासिकाने तिची जुनी नग्न छायाचित्रं परवानगीशिवाय छापली आणि राजीनामा मात्र तिनेच द्यायचा! पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गुण देणाऱ्यांचं शील असं अचानक जागं झालं. 2013मध्ये तेलुगू घरातली नीना दावुलुरी जिंकली, तर काहींनी तिला थेट अरब ठरवून टाकलं. (आपण हसू नये, आपल्याकडे गोरेपणाची क्रिमं अजून खपतात.) व्हनेसाची जाहीर माफी मागायला 2015 उजाडलं. पोशाखाची ती फेरी त्यानंतरही चालूच होती.